हाकेला ओ देणार कोण?

लष्करातल्या जुन्या मराठी घरांत जयारोग्यचा उंबरठा न ओलांडलेले घर सापडणे कठीण. शिंदे सरकारच्या काळात उभे राहिलेले हे रुग्णालय आणि १९४६ चे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला घरचेच वाटते. म्हणूनच सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे.

रात्री सलाईन संपते, हाक मारूनही सिस्टर येत नाहीत. आपण चिडतो, आवाज चढवतो. त्या वेळी त्या एकट्या किती खाटा सांभाळत आहेत, हे कोणी विचारतो का? भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे : शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के अधिक. अमेरिकेत २००२ साली लिंडा एकेन यांच्या अभ्यासात दिसले, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. थकलेल्या हातून औषधाची वेळ चुकते, कूस बदलायची राहते, ताप चढलेला उशिरा कळतो.

आपल्या प्रांतातील परिचारिकांनी जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये संप केला. रुग्णांचे हाल झाले, हे खरे. पण त्यांच्यावर ही वेळ का आली?

दुसरीकडे नव्या परिचारिका घडवणारी व्यवस्थाच पोखरलेली निघाली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या सीबीआय चौकशीत २०२४ साली राज्यातील ३०८ पैकी केवळ १६९ नर्सिंग महाविद्यालये योग्य ठरली. पुढे चौकशी करणारेच लाच घेताना पकडले गेले आणि त्या १६९ चीही फेरतपासणी करावी लागली. ग्वाल्हेर-चंबळ भागातील कितीतरी मुली परीक्षेची वाट पाहत वर्षानुवर्षे अडकल्या. त्यांचा काय दोष?

नव्या इमारतींच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवून भागणार नाही. मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण दोनच प्रश्न विचारावेत : परिचारिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? उत्तर लेखी मागावे.

आणि तोवर वॉर्डात गेल्यावर सिस्टरशी दोन शब्द गोड बोलावेत. उद्या रात्री आपल्याच आईच्या उशाशी त्याच उभ्या असतील.