बेन्फिकाचा इतिहास आणि आमचा सट्टा

लिस्बनच्या बेन्फिका क्लबाने १९६१ साली बार्सिलोनाला आणि १९६२ साली रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप जिंकला. त्या दोन विजयांच्या मधल्याच डिसेंबरात गोव्यातून पोर्तुगीज सत्ता गेली; फुटबॉलचे वेड मात्र राहिले. तेरेखोलच्या अलीकडे आम्ही ते खुशाल घ्यावे. हरकत आहे ती "क्लबाचा इतिहास मोठा, लावा पैसे!" या शहाणपणाला.

त्यानंतर हा क्लब युरोपातले आठ अंतिम सामने खेळला: १९६३, १९६५, १९६८, १९८३, १९८८, १९९०, २०१३, २०१४. आठही हरला! इतिहासावर पैसे लावणाऱ्याचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

बरे, अंदाज खरा ठरला तर? समजा, दोन पक्षांवर १००-१०० रुपये आले. बुकी जिंकणाऱ्याला १९० देतो. १० स्वतःच्या खिशात घालतो. सामना कोणीही जिंको, तो हरत नाही.

२०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. पण हाव कायद्याने थोडीच सुटते?

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. सट्ट्याच्या रापणीत ओढणारे शेकडो आणि नक्की वाटा एकट्या बुकीचा. असला दोर हाती धरावाच कशाला?