घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नाहीत तेव्हा



या महिन्याचा प्रश्न बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावहून आला आहे. भगिनी लिहितात की बैठकीत जुना डेस्कटॉप आहे आणि मुलीकडे कॉलेजसाठी घेतलेला नवा लॅपटॉप आहे. घरातल्या सर्वांचे दाखले, गुणपत्रिका, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, सातबारा असे सगळे स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवले आहे. मुलगी लॅपटॉपवर महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली की डेस्कटॉप कधी दिसतो, कधी दिसत नाही. दिसला तर पासवर्ड मागतो आणि कोणताच पासवर्ड घेत नाही. कोणीतरी सल्ला दिला आहे की फायरवॉल बंद करा आणि फोल्डर सर्वांना खुले करा. तसे करावे का?

आधी याचेच उत्तर देतो: करू नका. किल्ली सापडत नाही म्हणून आपण घराचे दार काढून ठेवत नाही. अशा वेळी नेमके काय अडले आहे ते ओळखावे. दुसरा कॉम्प्युटर दिसतच नसेल तर दोष नेटवर्कचा असतो. दिसतो पण पासवर्ड घेत नाही, तर दोष खात्याचा. आत जाता येते पण फोल्डर उघडत नाही, तर दोष परवानगीचा. याच क्रमाने पाहू.

दोघे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का?

गावाकडे बऱ्याच घरांत डेस्कटॉप अब्बांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि लॅपटॉप भाईच्या मोबाइलवर चालतो. दोन्हीकडे इंटरनेट असते, पण ती नेटवर्के दोन असतात. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला किंवा एकाच मोबाइलला जोडा. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय असेल तर तेही टाळा. त्यावरची उपकरणे बहुधा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत.

खात्री करण्यासाठी दोन्हीकडे सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' पाहा. घरगुती राउटरवर एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर दुसऱ्याचेही पहिले तीन आकडे तेच हवेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर किंवा वायफाय काढून पुन्हा जोडा. फाइल घरातल्या घरात जायला इंटरनेट लागत नाही. रिचार्ज संपला असला तरी हे काम होते.

नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का?

विंडोजला प्रत्येक नेटवर्क एकतर 'पब्लिक' वाटते किंवा 'प्रायव्हेट'. पब्लिक म्हणजे बसस्थानक किंवा हॉटेलसारखी जागा. तिथे कॉम्प्युटर स्वतःला लपवतो. विंडोज ११ नवे वायफाय सहसा पब्लिकच धरते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच निघते. त्याच 'प्रॉपर्टीज'मध्ये दोन्ही कॉम्प्युटरवर 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटच्या खाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. इतके केले की फायरवॉल घरातल्यांपुरती वाट स्वतःच मोकळी करते. ती बंद करण्याची गरज उरत नाही. कॉलेजच्या किंवा दुकानाच्या वायफायला मात्र 'पब्लिक'च राहू द्या.

नाव दिसत नसेल तर पत्त्याने जा

यादीत नाव दिसले नाही म्हणजे रस्ता बंद आहे असे नाही. लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा पत्ता लिहा: \\१९२.१६८.१.५ (आकडे इंग्रजी टाकावेत). फोल्डर दिसले किंवा पासवर्ड मागितला, तर नेटवर्क ठीक आहे.

काल चालले आणि आज नाही, असे झाले तर वीज गेली होती का ते आठवा. वीज येऊन राउटर पुन्हा सुरू झाला की तो कधी कधी वेगळे पत्ते वाटतो, आणि जुन्या पत्त्यावर केलेला शॉर्टकट मग कुठेच पोहोचत नाही. म्हणून शॉर्टकट करताना पत्त्याऐवजी डेस्कटॉपचे नाव वापरा. आणि डेस्कटॉप झोपी गेला असेल तर तो कोणालाच सापडणार नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' बंद ठेवा.

कोणताच पासवर्ड का चालत नाही?

इथे मागितलेला पासवर्ड वायफायचा नसतो आणि लॅपटॉपचाही नसतो. तो डेस्कटॉपवरच्या खात्याचा असतो. चार आकडी पिन इथे चालत नाही. डेस्कटॉपला पासवर्डच ठेवलेला नसेल, जसे घरच्या कॉम्प्युटरवर पुष्कळदा असते, तर विंडोज नेटवर्कवरून आत येऊच देत नाही. रिकाम्या पासवर्डने फक्त समोर बसून काम करता येते.

यावर सरळ उपाय आहे. डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळे साधे खाते उघडा. प्रकार 'स्टँडर्ड', नाव इंग्रजी अक्षरांत, आणि पासवर्ड चांगला लांब. लॅपटॉपने विचारले की हेच नाव आणि हाच पासवर्ड द्या. तरीही नाकारले तर लॅपटॉपमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना चुकीचा पासवर्ड साठवलेला आहे का ते पाहा आणि असेल तर काढून टाका.

पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जाण्याची जुनी पद्धत नव्या विंडोजमध्ये कमी होत चालली आहे. विंडोज ११ प्रोच्या २०२४ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद केलेली आहे. घरातील 'होमग्रुप'ची सोयही विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकण्यात आली. जुन्या माहितीवरून ती शोधत बसू नका.

परवानगी किती द्यावी?

पूर्ण 'सी' ड्राइव्ह कधीही शेअर करू नका. एक फोल्डर वेगळे करा, त्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग', मग 'शेअर' असे जा आणि फक्त ते नवे खाते निवडा. दाखले नुसते उचलायचे असतील तर 'रीड' पुरेसे आहे. म्हणजे धाकट्याच्या हातून आपाची गुणपत्रिका पुसली जाणार नाही. 'एव्हरीवन' हा पर्याय सोपा दिसतो, पण वायफायचा पासवर्ड शेजारीपाजारी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना ठाऊक असतो हे लक्षात ठेवा.

एक जुना धडा

जुन्या कॉम्प्युटरशी जमत नसेल तर 'एसएमबी १' चालू करा, असा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच जुन्या पद्धतीतील भगदाडातून जगभर पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरवरील फाइलींना त्याने कुलूप लावले आणि पैसे मागितले. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामही अडले. दुरुस्ती त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांचे नुकसान झाले. त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ आपोआप बसवले जात नाही. विंडोज ७ ला त्याची गरज नाही, ते नव्या पद्धतीनेही बोलते. फक्त एक्सपी असेल तरच अडते. तेव्हा पेनड्राइव्हने फाइली हलवा आणि त्या कॉम्प्युटरला नेटवर्कपासून दूर ठेवा. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बैठकीतल्या डेस्कटॉपवर यांपैकी कोणते आहे ते एकदा पाहून घ्या.

आधार कार्ड, बँकेचे पासबुक, निकाहनामा, जमिनीचे कागद ही सगळ्या घराची अमानत आहे. मुलीचा अर्ज वेळेत जावा आणि अमानतही सुरक्षित राहावी, हे दोन्ही एकाच वेळी जमते. फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा, कारण शेअरिंग म्हणजे बॅकअप नव्हे. डेस्कटॉपची डिस्क गेली तर लॅपटॉपवरून दिसणारे फोल्डरही जाईल.

एवढे करूनही अडले, तर पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून आम्हाला पाठवा. दोन्ही कॉम्प्युटरवर कोणते विंडोज आहे तेही लिहा. इन्शाअल्लाह, पुढच्या अंकात उत्तर देऊ.