पदवीचे विद्यार्थी आणि वकिलीचा धंदा

बांधाचा दावा दहा वर्षें रेंगाळला म्हणजे घरांतील कर्ता पुरुष वैतागून म्हणतो, "आपल्या घरांत एक तरी वकील झाला पाहिजे." मग कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाचें किंवा मुलीचें आयुष्य त्या एका दाव्यावरून ठरतें. ही रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. दावा आज ना उद्यां निकालांत निघेल. धंदा जन्मभर करावयाचा असतो.

कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याहि शाखेची मान्य पदवी चालते; शेतकीची सुद्धां. (बारावीनंतरचा पांच वर्षांचा मार्ग निराळा.) तेव्हां पदवीचीं वर्षें ही पारख करण्याची सवड होय. सुटींत विद्यार्थ्यानें तालुक्याच्या कोर्टांत आठ दिवस जाऊन बसावें. तेथें वाद थोडा आणि तारखा फार, हें त्यास प्रत्यक्ष दिसेल. मामलेदार कोर्टांच्या १९०६ च्या कायद्याखालीं अडविलेली वाट तहसीलदार कशी मोकळी करवितो, तें पाहावें. घरचा सातबारा व जुने फेरफार स्वतः वाचावे. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला असतां, कित्येक घरीं बहिणींकडून हक्कसोड कां लिहून घेतात, हा प्रश्न ज्याच्या मनास टोंचेल त्यानें खुशाल या वाटेस लागावें. कागद हातीं धरतांच ज्यास जांभई येते, त्यास वडिलांच्या हट्टाखातर काळा डगला चढवूं नये.

आतां खर्चाविषयीं. सनदेची नोंदणी-फी सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांहून अधिक घेतां येणार नाहीं, असा निर्णय सुप्रीम कोर्टानें २०२४ सालीं दिला. परंतु खरा खर्च त्यापुढें आहे. बार परीक्षा उतरावी लागते, आणि ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं पहिलीं वर्षें बहुधा तुटपुंज्या प्राप्तीवर काढावीं लागतात. थेट न्यायाधीशाच्या परीक्षेस बसूं म्हणणाऱ्यांसहि तो मार्ग आतां मोकळा नाहीं. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठीं तीन वर्षांची वकिली हवीच, असें त्याच कोर्टानें मे २०२५ मध्यें ठरविलें. बँका, कंपन्या व सरकारी खातीं यांतहि कायदा जाणणारांस नोकऱ्या आहेत. घरची ओढ असेल त्यानें त्यांचीहि चौकशी करावी. मात्र शिक्षणाचीं तीन आणि उमेदवारीचीं तीन, अशीं सहा वर्षें घर मुलास पोसूं शकेल काय, हा हिशेब बापलेकांनीं प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं एकत्र बसून मांडावा, आणि त्यांत जमीन गहाण टाकण्याची रक्कम धरूं नये.