माळाचा वाटाड्या कोण?

सफारी म्हटले की आमच्या वयाच्या माणसाला आधी कापड आठवते. वडिलांच्या पिढीत एखाद्याला बढती मिळाली की शिंप्याकडे सफारी शिवायला टाकला जाई आणि लग्नाकार्यात तो पहिल्या रांगेत मिरवला जाई. आता या शब्दाचा अर्थ पालटला आहे. मूळ शब्द अरबीतला, 'सफर' हा आपला मराठी शब्दही त्याच कुळातला. तो आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून जगभर फिरला आणि जीपमध्ये बसून जंगली जनावरे पाहण्याच्या सहलीला चिकटला. त्यातही 'फोटोग्राफी सफारी' हा प्रकार अलीकडचा. वाळवंट, माळरान, अभयारण्य असा फेरफटका, सोबत जाणकार वाटाड्या, आणि कोणता प्राणी कोणत्या उजेडात कसा टिपायचा ते दाखवणारा उस्ताद.

हे सांगण्याचे कारण असे की आमच्या कुर्डुवाडीच्या वस्तीतले दोन तरुण लग्नाचे, बारशाचे फोटो काढून संसाराला हातभार लावतात. त्यांनी जैसलमेरच्या अशा एका सफारीची जाहिरात आम्हांला आणून दाखवली. चार रात्री, पाच दिवस. एका माणसाच्या खर्चात घरावर नवे पत्रे पडतील! आम्ही त्यांना एवढेच विचारले, "तिथे जाऊन काय पाहणार?" ते म्हणाले, "माळढोक." आम्हांला हसू आले आणि वाईटही वाटले. ज्या पक्ष्यासाठी आपल्या जिल्ह्यात अभयारण्य झाले, तो पाहायला आपल्या पोरांनी राजस्थान गाठायचे!

वाचक बंधु-भगिनींनो, सोलापूर जिल्हा वाळवंट नव्हे. पण सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे उरते ते आपल्या वाट्याला येते, आणि त्या पावसावर वाढते ते गवत, बोरी-बाभळी, हिवर. हाच आपला माळ. सरकारी दप्तराने त्याला 'पड' म्हटले, आपणही म्हणू लागलो. परंतु ज्याला पड म्हणतात त्याच जमिनीवर काळवीट, लांडगा, खोकड, तरस, पाखुर्डी, चंडोल आणि माळढोक हजारो वर्षे जगत आले. दाट झाडीत माळढोक जगत नाही. तो उघड्या जमिनीवर राहतो, मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता जमिनीवरच. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डॉ. सलीम अली यांनी या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावे असे सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला.

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण. पण कागदावरचे अभयारण्य तेवढेच नव्हते. त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले. आपला माढा तालुका त्यात, करमाळा त्यात, मोहोळ त्यात. अख्खा सोलापूर जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा, यावरून अंदाज करा. गावे, शेते, बाजारपेठा सगळे अभयारण्यात! जमिनीच्या खरेदी-विक्रीला, रस्त्याला, कारखान्याला अडचणी येऊ लागल्या आणि लोक म्हणू लागले, "हा पक्षी मेला तर बरे." पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षीच उरला नव्हता म्हणा ना. अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखादी मादी दिसली तरी ती बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आत माळढोक उरले आहेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथेही विजेच्या तारांना धडकून ते मरतात, कारण या जड पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही. २०१९ पासून तिथे पिंजऱ्यात पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे.

मग नान्नजला जाऊन काय पाहायचे, असे त्या तरुणांनी विचारले. आम्ही त्यांना सोलापूरच्या गाडीत घातले आणि आम्हीही गेलो. थंडीचे दिवस, वनखात्याची परवानगी काढलेली, सोबत तिथलाच एक वाटाड्या. माळढोक दिसला नाही, दिसेल अशी आशाही नव्हती. पण काळविटांचा कळप दिसला. नर वरून काळा, पोटाशी पांढरा, पिळदार शिंगांचा. माद्या गवताच्या रंगाच्या. आपण त्याला हरीण म्हणतो, पण हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर राहतात. आणि गवतावर अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये दिसले. हे शिकारी पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि आपल्या माळावरचे टोळ-नाकतोडे खातात. कझाकस्तानातून पाहुणा आपल्या दारात जेवायला येतो आणि आपण मात्र म्हणतो, माळावर काही नाही.

फोटोची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. आमच्या दोघा तरुणांनी काळविटाचे पहिले फोटो काढले ते साफ फसले. पांढरे फटक आकाश, पिवळे गवत आणि मध्ये काळा डाग. डोळा नाही, नाक नाही. वाटाड्या हसला. तो म्हणाला, "कॅमेरा सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. आजूबाजूला पांढरे जास्त असले की तो घाबरून सगळेच काळे करतो. तुम्ही उजेड मुद्दाम वाढवा, आकाश जळाले तरी जळू द्या, जनावराचा डोळा दिसला पाहिजे." हे ऐकून त्यातला एक जण गप्प झाला. मग म्हणाला, "आपल्या नवरीचे फोटोही असेच येतात. मागे पांढरा पडदा, वरून लाईट, आणि चेहरा काळा पडतो. मग आम्ही ते यंत्रावर गोरे करून देतो." आमच्या मते त्या सहलीतले हे सगळ्यांत मोलाचे वाक्य. दोष चेहऱ्याचा नव्हता, मोजमापाचा होता. त्यानंतर त्याने दोन लग्ने केली, गोरे करणे बंद केले आहे. एका वरमाईने तक्रार केली म्हणे, पण नवरीने फोटो ठेवून घेतला.

बाकीच्या गोष्टी वाटाड्याने चालता-बोलता सांगितल्या. सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास आणि मावळण्याआधीचा दीड तास एवढाच वेळ कामाचा. नंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि कितीही महाग भिंग असले तरी चित्र पुसट येते. गाडीतून उतरू नये, कारण गाडीला जनावर बुजत नाही, माणसाला बुजते. पाठलाग करू नये. अंडी-पिल्लांजवळ जाऊ नये, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवू नये. काळवीट मान वर करून टक लावून पाहू लागला की तिथेच थांबावे. त्याने आपल्याला नको म्हटले आहे.

पुणे वनविभागाने २०२४ पासून इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, त्यात गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळते. जवळच भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि मच्छीमारांच्या होड्या पाहुण्यांना फिरवतात. धरणाने ज्यांची गावे बुडाली त्या भागात पाण्यानेच चार पैसे दिले, हे चांगलेच झाले. भिगवण तर आपल्या दौंड-कुर्डुवाडी लाईनवरचे स्टेशन. मग आमचा प्रश्न असा आहे की अशी सफारी उद्या माढ्यात, करमाळ्यात, मोहोळात आली तर वाटाड्या कोण होणार?

हा प्रश्न आम्ही उगाच काढत नाही. एका गावात (नाव सांगत नाही) वाटाड्यांची यादी झाली तेव्हा आमच्या कानावर आले की नावे आधीच ठरलेली होती. ज्यांच्या घरी चारचाकी त्यांची पोरे. माळ ज्याने पायाखाली घातला तो बाहेरच. आता माळ कुणी पायाखाली घातला ते पाहा. धनगराने मेंढरे चारली. फासेपारध्याला काळविटाच्या खुराच्या ठशावरून तो नर की मादी, आज गेला की काल, हे कळते. आणि आपले पूर्वज? गावच्या शिवेचा दगड कुठे आहे हे महाराला विचारल्याशिवाय शिवेचा तंटा मिटत नसे. वतनाने त्यांना गुलाम केले, पण त्या गुलामीत सुद्धा त्यांनी माळाचा कोपरा न् कोपरा ओळखून ठेवला. वतन १९५८ च्या कायद्याने गेले. ती ओळख मात्र वाया जाऊ द्यायची काय?

फासेपारध्यांबद्दल दोन शब्द जास्त. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. शिकार हा आता गुन्हा आहे आणि असावाच. परंतु ज्याची शिकार बंद केली त्याला त्याच ज्ञानावर वाटाड्याची नोकरी देण्यात कुणाचे काय जाते? आपल्या वस्तीतल्या मंडळींनी स्वतःच्या पोरांची नावे पुढे करताना पारधी वस्तीवरची दोन नावे सोबत घ्यावीत, असे आम्हांला वाटते. यादी समितीच्या खोलीत न होता ग्रामसभेत व्हावी, नावे मोठ्याने वाचली जावीत आणि ठराव इतिवृत्तात लिहिला जावा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी आमच्याकडे यावे, आम्ही लिहून देऊ. कारकुनाचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

काही जुने कार्यकर्ते आमच्यावर रागावले. त्यांचे म्हणणे, "दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ साली पडीक जमिनीसाठी लाखो माणसे तुरुंगात नेली. आणि तुम्ही त्या जमिनीवर हरणे मोकळी सोडा म्हणता!" राग खरा आहे. गायरान कसणाऱ्या आपल्या घरांना आजही नोटिसा येतात. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायची होती, तरी कितीतरी कुटुंबांच्या सातबारावर अद्याप नाव नाही. ते नाव लागलेच पाहिजे. पण माळ कुणी गिळला ते मोजा. उजनीचे कॅनॉल आले आणि ऊस आला, खडी मशीन आल्या, प्लॉट पडले, आता मैलोन्‌मैल सौर पत्रे. यात आपल्या दोन एकरांचा हिस्सा किती? हरीण आणि भूमिहीन यांची भांडणे लावून देऊन तिसराच कुंपण घालून मोकळा होतो.

अजिंठ्याला सहल नेतो तेव्हा पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीच्या आसनावर मुलांना चक्र आणि दोन्ही बाजूंची हरणे दाखवावीत. तथागतांनी पहिले प्रवचन दिले ते सारनाथच्या मृगदावात, म्हणजे हरणांना अभय असलेल्या वनात. सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात आपल्या स्वयंपाकघराचा हिशोब उघड लिहिला आहे. पूर्वी रोज लाखो जीव मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, तेही नेहमी नाही, पुढे तेही नाही. राजाने आपल्या ताटाचा हिशोब दगडावर कोरायचा, हे आमच्यासारख्या हिशोबनीसाला फार आवडते.

गिधाडांचेही सांगायला हवे. मेलेली जनावरे ओढण्याचे काम बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण टाकले. गावाबाहेर टाकलेल्या जनावराची विल्हेवाट मग गिधाडेच लावत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने ती मेली. १९९० नंतरच्या काही वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली आणि २००६ साली त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. आमच्या वस्तीतले म्हातारे सांगतात की बार्शी लाईटच्या छोट्या गाडीतून जाताना गिधाडांच्या रांगा दिसत. गाडी गेली, गिधाडेही गेली. आमच्या तरुणांकडे त्यांचा एकही फोटो नाही. कुणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये माळाचा, छोट्या गाडीचा, मेंढरांचा असा काही फोटो असेल तर विहारात आणून दाखवावा. त्याची नक्कल काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत मिळेल.

पुढची सफर पौष पौर्णिमेनंतरच्या रविवारी नान्नजलाच आहे. कॅमेरे दोनच, म्हणून एका वेळी आठ जण, दोन तासांनी हात बदलायचा. भडक रंगाचे कपडे आणि अत्तर नको, भाकरी आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची, प्लॅस्टिक परत आणायचे. पहाटेच्या गाडीने निघणार असल्यामुळे मुलींच्या आयांना काळजी होती. तेव्हा दोन आया सोबत येत आहेत. आतापर्यंत आलेल्या सहा नावांत चार मुलींची आहेत.