फाइल नंतर, आधी तपासणी!

डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या आपण काय करतो? पिशवीतून रिपोर्टची जाडजूड फाइल काढतो. गुगल करून ठरवलेल्या आजाराचं नावही सांगून मोकळे होतो! पण थांबा. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच डॉक्टरांची तपासणी सुरू झालेली असते. चाल कशी आहे, धाप लागतेय का, चेहरा सुजलाय का, हे त्या चार पावलांत दिसतं.

नीट पाहणं ही पहिली पायरी. खालची पापणी ओढून पाहतात, कारण आतला भाग फिका असेल तर रक्त कमी असल्याची शंका येते. नडगीवर अंगठा दाबून काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर पायात पाणी साचलंय. म्हणूनच त्या दिवशी नेलपॉलिश नको. नखांचा रंग झाकला जातो आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही चुकू शकतो.

मग हाताने तपासणं. पोट दुखत असेल तर दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी लावतात. आधीच तिथे दाबलं तर आपण पोट ताठ करतो आणि आतलं काही कळत नाही. गुडघे वाकवून झोपायला सांगतात तेही पोट सैल राहावं म्हणून.

छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करतात, ते पाहिलंय? आपण कलिंगड वाजवून घेतो ना, तसंच. हवा भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं, पाणी साचलं असेल तर आवाज भरीव येतो. ऑस्ट्रियाचे डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये ही पद्धत पुस्तकातून मांडली. त्यांचे वडील खाणावळ चालवायचे. पिंपात दारू किती उरली ते असं वाजवून बघतात, त्यावरूनच हे सुचलं म्हणे.

आणि स्टेथोस्कोप? तो तर संकोचातून जन्मला! १८१६ मध्ये पॅरिसचे डॉक्टर लाएनेक यांना एका तरुणीच्या छातीला कान लावणं बरं वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ठोके ऐकले.

संकोच आजही आहेच. ‘ड्रेसवरूनच बघा ना’ असं आपण कितीतरी जणी म्हणतो. पण कापड घासल्याचा आवाज येतो आणि छातीतला बारीक आवाज त्यात हरवतो. पुढून उघडणारा सैल कुर्ता घाला. डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना एखादी स्त्री सोबत हवी, असं बिनधास्त सांगा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क दिलेला आहे. ‘उगाच कशाला’ म्हणून गप्प बसू नका.

बीपीचं मात्र घरोघरी चुकतं. जिने चढून आल्या आल्या पट्टा बांधायचा नाही. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधीपासून चहा नको, तंबाखूही नको. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा आणि मोजताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा बीपी वाढवून दाखवतो. घरी आईबाबांचं बीपी मोजता ना? मग आज स्वेटरची बाही वर करून नाही, स्वेटर काढूनच मोजा. आणि तेवढा वेळ टीव्ही बंद!