फ्लेमिंगो, तिवरं आणि मामाची खारजमीन

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता. ‘उघाडी’ म्हटल्यावर मला जे दिसतं, ते ‘स्लुइस गेट’ म्हटल्यावर दिसत नाही.

हॉस्टेलची पोरं रविवारी करावे गावामागे चाणक्यच्या तळ्यावर फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातात. मीही जातो. तिथे टपरीवर एका आजोबांनी सांगितलं, की इथेही खारजमिनी होत्या, भात पिकायचं. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात करावेही आलं. ते ऐकताना मला पेणजवळची मामाची शेती आठवली.

खारजमीन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेलं शेत. भरतीचं पाणी बांध अडवतो, पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं. १९७९ च्या खारभूमी कायद्याप्रमाणे सरकारी योजनेतले बांध खारभूमी खातं सांभाळतं. कागदावर सगळं छान आहे!

मामाच्या गावचा बांध उधाणाने फुटला. पंचनामा झाला, थोडी नुकसानभरपाईही आली. पण बांध? अर्जावर अर्ज, उत्तर एकच, निधी नाही. खारं पाणी एकदा शिरलं की दोन-तीन पावसाळे भात धड होत नाही. चौथ्या वर्षी शेतात तिवरं उगवली.

इथे खरी गंमत (की शोकांतिका?) सुरू होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर तिवरतोडीवर बंदी घातली, २०१८ च्या निकालात ती कायम केली. ते योग्यच आहे. तिवरं किनारा राखतात, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. पण म्हणून सातबारा मामाचा असूनही आता तिथे कोयता लावता येत नाही. एका खात्याने बांध सोडला, दुसऱ्याने तिवरं धरली. मधल्या मध्ये शेतकरी गेला.

२०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना मला म्हणूनच आवडते. गटाने खेकडेपालन केलं तर सरकार ९० टक्के खर्च देतं. तिवरं राखणाऱ्याच्या घरात दोन पैसे येतात. पण सत्तर वर्षं भात लावणाऱ्या आजीला खेकडे पाळा म्हणणं सोपं आहे का?

आपण इंजिनियर लोक मशिन बंद पडायची वाट बघत नाही, आधी ऑइलिंग करतो. तोच नियम बांधाला लावा. भरपाई वाटण्याआधी पावसाळ्यापूर्वी माती टाका, उघाड्या दुरुस्त करा. आणि जिथे तिवरं रुजलीच आहेत, तिथे ती राहू देत, पण जमीनमालकाला तिचा मोबदला द्या.

पुढच्या रविवारी फ्लेमिंगोंचा फोटो काढाल, तेव्हा त्या आजोबांकडे एक कटिंग जरूर घ्या. त्यांना बांध कसा घालायचा ते अजून माहीत आहे. आपल्या सिलॅबसमध्ये ते नाही.