"माझा फोटो कशाला?"



या वेळचा मजकूर एडिनबराहून आणला आहे. सप्टेंबरात महिनाभर लेकीकडे होते. एडिनबरा म्हणजे स्कॉटलंडची राजधानी. तिथला किल्ला सगळे बघतात, मीही बघितला. पण मला ओढ समुद्राची. शेवटी आपण अलिबागच्या पाण्याची माणसं!

नातवाला शाळेसाठी जुन्या बंदराचा फोटो हवा होता. म्हणाला, "आजी, पहाटे जायचंय, येशील?" म्हटलं, येते की. या वयात झोप तरी कुठे लागते!

न्यूहेवनचं बंदर लेकीच्या घरापासून जवळच. २०२३ पासून ट्रॅमही तिथपर्यंत जाते, पण आम्ही चालत गेलो. सप्टेंबरच्या मध्याला तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. जूनमध्ये साडेचारलाच, आणि डिसेंबरात पावणेनऊ होत आले तरी पत्ता नसतो! आम्ही सव्वासहालाच दगडी धक्क्यावर हजर. आकाशाचे रंग सूर्य वर यायच्या आधी बघायचे असतात. टोकाला पांढरा दीपस्तंभ, समोर फर्थ ऑफ फोर्थ नावाची रुंद खाडी, पलीकडे फाइफचा किनारा. थंडी मात्र विचारू नका.

इथून थोडं पश्चिमेला, ट्रिनिटी भागात, पूर्वी एक नवलाचा धक्का होता. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, आगबोट लागायची कशी? म्हणून कॅप्टन सॅम्युएल ब्राऊन यांनी १८२१ साली लोखंडी साखळ्यांना टांगलेला धक्का बांधला. झुलता पूल असतो ना, तसाच, पण समुद्रात सुमारे ७०० फूट गेलेला. पुढे १८३८ साली शेजारी ग्रँटनचं मोठं बंदर सुरू झालं आणि आगबोटी तिकडे वळल्या. मग या धक्क्यावरून लोक पोहायला उड्या मारू लागले. ऑक्टोबर १८९८ च्या वादळात तो पार मोडून गेला. ज्या धक्क्यावर हजारो माणसं चढली-उतरली, त्याचं आता नावच उरलंय.

पण न्यूहेवनची एक गोष्ट टिकली. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हे चित्रकार आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन हा तरुण छायाचित्रकार, या दोघांनी १८४३ ते १८४७ या काळात इथल्या कोळ्यांचे आणि मासे विकणाऱ्या बायकांचे फोटो काढले. फोटोची कला तेव्हा अगदी बाळ होती. काचेऐवजी कागदावरच निगेटिव्ह तयार करायची. उन्हात बराच वेळ न हलता बसावं लागे, हललं की चेहरा पुसट! या बायका माशांची टोपली पाठीवर घेत, तिचा पट्टा कपाळावरून नेत आणि शहरभर फिरून मासे विकत. आपल्या कोळणींची आठवण आली. त्यातल्या एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल या बाईंचा फोटो लेकीने मला पुस्तकात दाखवला होता. हातात टोपली, नजर खाली. जणू काल काढलेला. अ‍ॅडमसन १८४८ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला. पण त्या बाईंचा चेहरा अजून जगाला दिसतोय.

इकडे नातवाचं काम चाललं होतं. त्याने कोपरं कठड्यावर टेकवली म्हणजे हात हलत नाही. मोबाइलवर उजळ आकाशाला बोट लावलं म्हणजे आकाश पांढरंफटक होत नाही. पाण्याची रेघ सरळ धरली. दीपस्तंभ काळा आणि मागे केशरी आकाश, झकास फोटो आला. मग म्हणाला, "आजी, आता तू उभी राहा."

मी सवयीने म्हटलं, "माझा कशाला? समुद्राचा काढ." आणि बोलता बोलता थांबले.

नोव्हेंबर १९६४. मी सात वर्षांची. पहाटे रेवसच्या धक्क्यावर आम्ही लाँचची वाट बघत होतो. तिथून भाऊचा धक्का, मुंबई, आणि मग विमानाने इस्राएल. माझी आजी निरोप द्यायला आली होती. बाबांनी कुणाचा तरी डबा कॅमेरा मागून आणला होता, बारा फोटोंचा रोल. ते आजीला म्हणाले, "आई, उभी राहा." तिने पदर तोंडावर घेतला. "माझा कशाला? समुद्राचा काढ." बाबांनी तेच केलं. आमच्याकडे रेवसच्या समुद्राचे चार फोटो आहेत. आजीचा एकही नाही. तिचा आवाज मला आठवतो, चेहरा आता आठवत नाही. ती पुन्हा भेटली नाही.

नातवाला म्हटलं, "काढ बाबा." सूर्य तोवर वर आला होता. सूर्याकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो, म्हणून मी उजेडाकडे तोंड करून उभी राहिले. तो कुरकुरला, "आजी, मग सूर्य फोटोत येणार नाही." म्हटलं, न येवो. तो उद्याही उगवणार आहे.

मंडळी, आपल्या वयाच्यांना हात जोडून सांगते, मुलं कॅमेरा पुढे करतील तेव्हा "माझा कशाला" म्हणू नका. आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा सकाळच्या उजेडात एक फोटो काढा, कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. गावाचं नाव त्यांनाच विचारा. मग बघा, किती गोष्टी निघतात!

पुढच्या अंकात भेटूच.